कंपनी उघडणार नाही

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात नाशिकमधल्या अंबडच्या हार्नेस कंपनीचं गेट बंद झालं. सकाळच्या बसने बायकांना नेहमीसारखं गेटसमोर उतरवलं, बस वळून निघूनही गेली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की वॉचमन नवा आहे, गेटला आतून साखळी आहे आणि भिंतीवर इंग्रजीत एक कागद चिकटवलाय. त्यांच्यातल्या नाझियाने त्यावर मोबाइल धरून त्याचं मराठी करून घेतलं. आर्थिक अडचणींमुळे काम पुढील सूचनेपर्यंत स्थगित, असं काहीतरी निघालं.

"स्थगित म्हणजे बंद नाही ना गं?" मागून कुणीतरी विचारलं.

"बंद कसं असेल? थांबलंय. ऑर्डर आली की बोलावतील," मनीषा म्हणाली आणि सगळ्यांना जरा बरं वाटलं.

मनीषा गांगुर्डे त्या कंपनीत लाइन लीडर होती. गाडीच्या हेडलाइटपासून हॉर्नपर्यंत सगळीकडे वीज नेणारा वायरींचा जो जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो या बायका मशीनवर वायरींची टोकं दाबून लांबलचक टेबलांवर बांधायच्या. लग्न होऊन नाशकात आल्यावर दुसऱ्याच वर्षी मनीषा तिथे लागली होती. इतकी वर्षं झाली तरी नोंद कंत्राटी कामगार म्हणूनच होती. पण नवी मुलगी आली की सुपरवायझर तिला आधी मनीषाच्या टेबलाशी आणून उभी करायचा. तिच्या शब्दाला लाइनवर वजन होतं. म्हणूनच ती 'थांबलंय' म्हणाली तेव्हा शेकडो बायका फारशी कुरकुर न करता डबे उचलून परत फिरल्या.

त्या वर्षी सगळीकडेच हात आखडला होता. अंबड, सातपूरला ज्यांच्या तीन शिफ्ट चालत त्यांच्या दोन झाल्या होत्या आणि दोनवाल्यांची एक. मनीषाचा नवरा मल्हारी छोटा टेम्पो चालवायचा. पूर्वी त्याला दुपारी जेवायला सवड मिळत नसे. आता तो द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर टेम्पो लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि संध्याकाळी घरी येऊन सासू-सुनेला देशाची परिस्थिती समजावून सांगायचा.

"देशाचं राहू दे," मनीषाची सासू भागुबाई म्हणायची, "आज भाडं मिळालं का ते सांग."

गेट बंद झालं तसा अफवांचा धंदा मात्र जोरात सुरू झाला. बायकांच्या ग्रुपवर रोज नवं काहीतरी यायचं. चेन्नईचा कुणी मालक कंपनी घेतोय. जपानची पार्टी बघून गेली. दसऱ्याला मशीनची पूजा आहे, तेव्हा सगळ्यांना बोलावणार. दसरा गेला, बोलावणं काही आलं नाही. मग दिवाळीची तारीख फिरू लागली. नाझियाला पिंपळगावच्या टोमॅटो पॅकिंगचं काम मिळत होतं, तिने नको म्हणून सांगितलं. "उद्या कंपनीने बोलावलं आणि मी तिकडे अडकले तर?" असं ती म्हणाली आणि मनीषालाही ते पटलं. वस्तीतल्या कितीतरी जणींनी अशीच हाती आलेली कामं सोडली होती. गळ्यात कंपनीचं कार्ड घालून त्या भाजी आणायला जायच्या.

शेवटी नाझियाच म्हणाली, "रोशनआपाकडे जाऊ या का?"

मनीषाने नाक मुरडलं. तिला पुढाऱ्यांचं भारी वावडं. पण बाकीच्या निघाल्या म्हणून तीही निघाली.

रोशनबी शेख वडाळा नाक्यामागच्या त्यांच्या वस्तीतून दोनदा नगरसेविका झाली होती. आता महापालिकेची मुदत संपून दोन वर्षं होऊन गेली होती, निवडणुका लागत नव्हत्या, आणि शहरात नगरसेवक म्हणून कुणीच उरलं नव्हतं. इतरांनी आपापल्या ऑफिसांना कुलपं लावली होती. रोशनबी मात्र नवऱ्याच्या गॅरेजच्या पुढच्या खोलीत रोज सकाळी येऊन बसायची. नवरा अमीर ट्रकच्या बॉड्या बांधायचा. खोलीत ऑइलपेंटचा वास, मागून हातोड्यांचे आवाज, आणि त्यात ही साठीकडे झुकलेली बाई, चष्मा कपाळावर चढवून, कुणाच्या नळाचं, कुणाच्या रेशनचं ऐकत असायची. आवाज खणखणीत. रागावली की अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायची.

तिने बायकांचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'बघते', 'करते', 'काळजी करू नका' म्हणाली नाही. मनीषाला त्याचंच आश्चर्य वाटलं.

"मला आज काहीच माहीत नाही," रोशनबी शेवटी म्हणाली. "माहीत करून घेते. तुमच्यातली एक जण मला बरोबर द्या. मी एकटी फिरले तर उद्या तुम्हाला माझ्या शब्दावर राहावं लागेल. तसं नको."

सगळ्यांनी मनीषाकडे बघितलं.

पुढचे काही दिवस मनीषा रोशनबीच्या स्कूटीवर मागे बसून नाशिकभर फिरली. कामगार ऑफिसात बसून राहिली, कंत्राटदाराच्या दारातून परत आली. कंपनीचा मॅनेजर गंगापूर रोडला राहत होता, तो घरात असूनही त्याच्या बायकोने 'बाहेरगावी गेलेत' म्हणून सांगितलं. खिडकीचा पडदा हललेला दोघींनीही पाहिला. रोशनबी चिडली नाही. "लपतोय म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे," एवढंच म्हणाली. रस्त्यात पाच पाच मिनिटांवर कुणीतरी तिला थांबवायचं. तीही स्कूटी कडेला घ्यायची, मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत असले तरी. मनीषाला आधी याचा कंटाळा आला. नंतर तिच्या लक्षात आलं की बाईला वस्तीतल्या दुखण्यांची नावंसुद्धा पाठ आहेत. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे हेही तिला माहीत असायचं.

खरं काय ते कळलं मात्र गॅरेजच्या आवारातच. त्या दिवशी संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा एक लांब ट्रक स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून अमीरभाईंकडे आला होता. ताडपत्री एका बाजूने सुटली होती, ती ड्रायव्हर पुन्हा बांधत होता. मनीषा सहज बघत होती. ताडपत्रीखाली हिरव्या रंगाची मशीनं ओळीने उभी होती आणि त्यातल्या कडेच्या मशीनच्या पाठीवर सप्तशृंगीचं स्टिकर होतं. एका कोपऱ्यात सोललेलं. आपल्याच नखाने ते सोललं गेलं होतं, हे मनीषाला लख्ख आठवलं. जेवणाच्या सुट्टीची घंटा होईपर्यंत तिचं नख तिथेच चाळा करत असायचं.

ती पुढे गेली आणि तिने मशीनवर हात ठेवला.

"ताई, हात नका लावू, पार्टीचा माल आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे चाललाय?" रोशनबीने विचारलं.

"गुजरात. ही दुसरी खेप माझी. अजून अर्धा माल अंबडला आतच आहे. दिवाळी झाली की तोही उचलायचाय."

मनीषा तिथेच टायरवर बसली. तिला रडू आलं नाही. आपण बायकांना 'थांबलंय' म्हणालो होतो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. रोशनबीने आतून पाणी आणून तिच्या हातात दिलं आणि तीही शेजारच्या टायरवर टेकली.

पाणी संपवून मनीषा म्हणाली, "आपा, एवढी दिवाळी जाऊ द्या. मग सांगा सगळ्यांना."

"का?"

"सण आहे. लोक आशेवर आहेत."

"नाझियाने पिंपळगावचं काम सोडलं ना? कशावर सोडलं? याच आशेवर." रोशनबीने ट्रककडे बोट केलं. "दिवाळीनंतर ते काम तिला मिळेल? दुसऱ्या कुणी घेतलेलं असेल. अशी आशा फुकट नसते गं बेटा. ती रोज यांच्या ताटातलं खाते."

  मग रोशनबीने जे सांगितलं ते ऐकून मनीषाला कळलं की बाईच्या मनावरही ओझं आहे.

विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्यांच्या भागातले मोठे उमेदवार, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांची चार दिवसांनी वस्तीच्या मैदानावर सभा होती. भाऊसाहेबांचा माणूस रुद्र आदल्या दिवशी येऊन गेला होता. हार्नेसच्या सगळ्या बायका सभेला आणा, स्टेजवर बसा, भाऊसाहेब कंपनी सुरू करण्याचा शब्द देणार आहेत. महापालिका लागली की तुमचं तिकीट पक्कं.

"आणि तुम्हाला तिकीट नकोय?"

"नकोय कशाला म्हणू? हवंय. लई हवंय." रोशनबी हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "घरात बसून माझा जीव जातो. बघू."

सभेला मैदान भरलं. बायका कंपनीची कार्डं गळ्यात घालून पुढे बसल्या होत्या. काही जणींनी ओवाळायला ताटं आणली होती. मनीषा पहिल्याच रांगेत होती. रोशनबीने नक्की काय ठरवलंय ते तिला ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

भाऊसाहेब छान बोलले. आवाज चढवला, खाली आणला, कामगारांच्या कष्टांबद्दल बोलताना त्यांचा गळाही दाटला. "माझ्या बहिणींनो, हा भाऊ शब्द देतो. निवडून आल्यावर पहिलं काम, तुमच्या कंपनीचं गेट उघडायचं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मनीषाच्या शेजारी नाझियाने डोळ्यांना ओढणी लावली.

मग आभार मानायला म्हणून रुद्रने माइक रोशनबीच्या हातात दिला.

ती उठली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. 

"भाऊसाहेब आमच्या वस्तीत आले, त्यांचे आभार," ती म्हणाली. "आता माझ्या बायांशी बोलते. बायांनो, कंपनी उघडणार नाही."

 कुठेतरी लहान मूल रडत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"अर्धी मशीनं गुजरातला गेली. उरलेली दिवाळीनंतर जाणार. हे तुम्हाला आज सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडलीय. पण खोटं बोलले तर उद्या तुमच्या दारात कुठल्या तोंडाने येऊ? आज रडून घ्या. उद्या सकाळी माझ्याकडे या. दोन कामं आहेत. एक, तुमचं जे हक्काचं आहे, पगार, भरपाई, ते सोडवून घ्यायचं. ते होईल असं मला वाटतं. दुसरं, पुढची रोजी. तिचं मला आज काहीच ठाऊक नाही. मिळून शोधू."

मग जो गलका उठला तो मनीषा जन्मात विसरणार नाही. कुणी ओरडलं, "खोटं बोलतेय!" कुणी म्हणालं, "हिच्या घरात चूल पेटतेय, हिला काय!" एक चप्पल स्टेजच्या कडेला येऊन पडली. भाऊसाहेबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. रुद्र माइक ओढून घ्यायला धावला. आणि रोशनबी, जिचा आवाज अख्ख्या वडाळा नाक्याला ठाऊक होता, ती खाली मान घालून ते सगळं ऐकत उभी होती.

मनीषा कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. आयुष्यात ती स्टेजवर चढली नव्हती. ती चढली, रोशनबीच्या हातातला माइक तिने धरला.

"मी पाहिलं," ती म्हणाली. "ट्रकमध्ये माझं मशीन..."

माइक बंद पडला. कुणीतरी वायर काढली होती. मनीषाने माइक खाली ठेवला आणि कंपनीत मशीनच्या आवाजावरून ओरडायची तशी ओरडली, "माझं मशीन होतं! सप्तशृंगीचं स्टिकर होतं! मी हात लावून पाहिला!"

पहिल्या दोन रांगांना ते ऐकू गेलं. पण मग ते शब्द मागे जाऊ लागले. पुढची मागचीला सांगत होती, ती आणखी मागचीला. "मनीषाचं मशीन ट्रकमध्ये होतं म्हणे." "देवीचं स्टिकर." "हात लावला तिने." शब्द जिथपर्यंत पोचत होते तिथपर्यंत गलका विझत होता. मैदानाच्या टोकापर्यंत तो विझला तेव्हा कुणीतरी हुंदका दिला, आणि मग पुष्कळ जणींनी. ताटं तशीच घेऊन बायका उठल्या, घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनबीच्या खोलीत बोटांवर मोजण्याइतक्या बायका आल्या. बाकीच्यांना तिचं तोंड बघायचं नव्हतं. मनीषाशीही कित्येकींनी बोलणं टाकलं. भागुबाई घरात कुरकुरत होती, "सण तोंडावर असताना कशाला अशुभ बोलायचं? गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मल्हारी मात्र पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "आई, तिने बरोबर केलं." एवढंच. मनीषाला तेवढं पुष्कळ झालं.

रोशनबीने आलेल्या बायकांकडे बघितलं, आणि जणू सगळ्याच आल्या आहेत अशा थाटात कामाला लागली.

"आपल्या हातात काय आहे?" तिने विचारलं.



"मशीनं," तिनेच सांगितलं. "उरलेली मशीनं आत आहेत तोवर मालकाला आपल्याशी बोलावं लागेल. ती गेली की त्याला नाशिकचं नावसुद्धा आठवणार नाही. मग मशीनं बाहेर कशी जातात? ट्रकमधून. आणि ट्रक कुठले?"

त्या दुपारी ती मनीषाला घेऊन द्वारकेला गेली. एकेका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात, चहाच्या टपरीवर, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर ती बसली. ड्रायव्हर तिला अमीर मिस्त्रींची बीवी म्हणून ओळखत होते. त्यांच्याशी बोलताना तिने भाषण केलं नाही. मनीषाला पुढे करायची आणि म्हणायची, "हिला विचारा." मनीषा सांगायची. कंपनी कशी होती, गेट कसं बंद झालं. सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. चार-पाच ठिकाणी सांगून झाल्यावर अडखळणं थांबलं.

धंदा ट्रकवाल्यांचाही बसलेलाच होता. एक भाडं सोडायचं म्हणजे पोटावर पाय. पण एक म्हातारा सरदारजी, ज्याचे ट्रक अमीरभाईंकडेच बांधले होते, चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "रोशन बहन, त्या गेटचा माल माझा एकही ट्रक उचलणार नाही, जोवर या बेट्यांचं देणं मिळत नाही." त्याने म्हटलं आणि मग इतरांनाही म्हणावं लागलं.

दिवाळी झाली. मालकाच्या माणसाने ट्रक मागवला, कुणी आलं नाही. दुसऱ्याला फोन केला, त्याने गाडी बिघडल्याचं सांगितलं. बाहेरगावचा एक ट्रक आलाच, तर गेटसमोर बायका पदर खोचून बसलेल्या. आता त्यांची संख्या वाढली होती. ज्यांनी रोशनबीला शिव्या घातल्या होत्या त्यातल्याही आल्या. माफी वगैरे कुणी मागितली नाही. रोशनबीनेही मागायला लावली नाही. "सरकून बस गं, ऊन येतंय तुझ्यावर," एवढंच ती त्यातल्या एकीला म्हणाली.

बाहेरगावच्या ड्रायव्हरने बायकांकडे पाहिलं, गाडी बंद केली आणि खाली उतरून त्यांच्यातच चहा प्यायला.

थंडी वाढली तरी बायका आळीपाळीने बसत राहिल्या. शेवटी पुण्याहून मालकाचा भाचा आला. कामगार ऑफिसात बैठक झाली. रोशनबीने मनीषाला आणि नाझियाला स्वतःच्या आधी खुर्चीवर बसवलं. भाचा रोशनबीकडे बघून बोलायला लागला की ती मनीषाकडे बघायची, म्हणजे त्यालाही तिकडेच बघावं लागे. तीन बैठका लागल्या. हक्काचं होतं ते बहुतेक सगळं सुटलं, थोडं राहिलं, त्याचा दावा अजून चालू आहे. आणि एक मागणी मनीषाने ऐनवेळी स्वतःच्या मनाने टाकली.

"हाताने दाबायची जुनी मशीनं आणि बांधणीची टेबलं तुम्ही भंगारात काढणार ना?" ती म्हणाली. "ती आम्हाला द्या."

भाच्याने खांदे उडवले. "घेऊन जा."

बाहेर आल्यावर रोशनबी तिच्याकडे बघतच राहिली. "काय करणार गं त्यांचं?"

"आपा, अमीरभाई ट्रकची बॉडी बांधतात. वायरिंग कुठून आणतात?"

"दिल्लीचं येतं. वैताग असतो. कधी वायर कमी पडते, कधी..." बोलता बोलता रोशनबी थांबली. मग तिने भर रस्त्यात मनीषाचा गाल ओढला, लहान पोरीचा ओढावा तसा.

अमीरभाईंनी मात्र आधी साफ नकार दिला. वायरिंग इथेच घ्यायला त्यांची ना नव्हती, पण त्यासाठी मागची अर्धी शेड हवी होती. "निवडणुका तू लढवायच्या आणि शेड माझी जायची, असा कुठे कायदा आहे?" ते म्हणाले. दोन दिवस ते घरात कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शेडमधलं भंगार बाहेर काढलं, भिंतींना निळा रंग दिला, आणि ट्रकवर काढतात तसली दोन कमळं दारावर रंगवली.

पहिलं वायरिंग बसवलं त्या सरदारजींच्या ट्रकला. दिवेलागणीला अमीरभाईंनी बटण दाबलं. पुढचे दिवे लागले, टपावरची रंगीत माळ लागली, मागची लाल जोडी लागली. एका बाजूचा इंडिकेटर काही लागेना.  मनीषा ओढणी कमरेला बांधून ट्रकखाली शिरली, आणि आतूनच तिचा आवाज आला, "आता दाबा!" तोही लागला. भागुबाई खास हे बघायला आली होती. तिने ट्रकवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना सांगू लागली, "माझी सून आहे ती खाली."

सगळ्यांचं काही असं जुळलं नाही. शेडमध्ये चाळीसेक बायकांपुरतीच जागा होती. काही सिन्नरच्या कारखान्यात लागल्या, काही द्राक्षांच्या पॅकिंगला, दोघी-तिघी गावी परत गेल्या. एकीने घरी डबे सुरू केले आणि ते बुडाले. रोशनबी त्यातल्या प्रत्येकीची खबर ठेवून होती, आणि ज्यांचं नीट बसलं नव्हतं त्यांची नावं निघाली की तिचं जेवण कमी व्हायचं, असं अमीरभाई सांगायचे.

वर्षभराने महापालिकेच्या निवडणुका लागल्या. तिकीट अर्थातच दुसऱ्या बाईला मिळालं. रोशनबी अपक्ष उभी राहिली. शेडमधल्या बायका काम संपवून दारोदार फिरल्या, मल्हारीने टेम्पोला भोंगा बांधला. मनीषा चौकाचौकांत बोलली. आता माइक कुणी बंद केला तरी तिला फरक पडणार नव्हता.

रोशनबी पडली. प्रभागातून चौघे निवडायचे होते, पक्षाच्या चार जणांच्या पॅनेलपुढे एकटीचा निभाव लागला नाही. पण पडली तीही थोडक्यात, आणि तिच्याविरुद्ध निवडून आलेली बाई निकालाच्या संध्याकाळी पेढे घेऊन तिच्याच घरी आली. मनीषाने पेढ्याला हात लावला नाही.

"घे गं," रोशनबी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते, लपवायचा तिने प्रयत्नही केला नव्हता. मग निवडून आलेल्या बाईला तिने शेजारी बसवून घेतलं आणि वस्तीतली कुठली ड्रेनेज लाइन कुठे फुटते, कुठल्या शाळेत शिक्षक कमी आहेत, ते बराच वेळ समजावत राहिली. मनीषा दारात उभी राहून ऐकत होती. एवढं हरून माणूस असं कसं बोलू शकतं, तिला कळेना. तिने मुकाट्याने एक पेढा उचलला.

दोन दिवस रोशनबी तापाने झोपून होती. त्याच दोन दिवसांत शेडच्या दारात नाशिक रोडकडची पाच-सात माणसं येऊन उभी राहिली. पुरुष, बायका, हातात डबे, गळ्यात कार्डं. त्यांचा छापील खोक्यांचा कारखाना सकाळी उघडलाच नव्हता.

"रोशनआपा कुठे भेटतील?" त्यातल्या एकाने विचारलं. "मालक म्हणतोय आठ दिवसांत सुरू करतो. पण आमचा जीव टांगणीला लागलाय."

मनीषाने हातातली वायर टेबलावर ठेवली. आपा उठेपर्यंत थांबा, असं सांगायला तिने तोंड उघडलं होतं. पण त्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या बाईचा चेहरा तिने पाहिला आणि नाझियाला हाक मारून खुर्च्या मागवल्या.

"आपांना बरं नाही. बसा, माझ्याशी बोला," ती म्हणाली. "आधी एक सांगा, मशीनं अजून आत आहेत का?"